फितूर मास्तर

दस्तगीर मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते फितुरी करताना. भर दुपार होती, डोक्यावर पौषातलं ऊन, आणि हा उंच, किंचित वाकलेला माणूस हातात पेटता पलिता घेऊन रंगमंचावर चोरपावलांनी चालत होता. नाटकातली वेळ मध्यरात्रीची होती. पण निजामाच्या राज्यात रात्रीचा जमाव जमवायचा तर परवानगी लागे, आणि ती काही मिळत नसे. म्हणून नळदुर्गात खंडोबाच्या जत्रेतलं नाटक दुपारीच उरकायचा रिवाज पडून गेला होता. त्या उन्हात पलित्याची ज्योत दिसतसुद्धा नव्हती. तरी मास्तरांनी ती तळहाताने अशी झाकली की माझ्या पुढ्यात बसलेल्या बाईने पदर गच्च आवळून घेतला. मग त्यांनी गडाचा चोरदरवाजा उघडला. दरवाजा म्हणजे गोणपाटाचा पडदा. तो त्यांनी हळूच, घरात कुणी निजलेलं असावं तसा बाजूला केला आणि शत्रूला आत घेतलं.

मी औशाकडून नुकताच तिथल्या मिडल स्कूलमध्ये हिसाब शिकवायला आलो होतो. शिक्षण सगळं उर्दूत. म्हणजे मुलांना गणित येत नव्हतं आणि मला उर्दू. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर कालचा तो फितूर किल्लेदार स्वच्छ शेरवानी घालून फारसीच्या वर्गाबाहेर उभा. माझी त्रेधा त्यांनी आठवडाभर पाहिली आणि मग एका दुपारी स्वतःहून म्हणाले, "हिसाबवाले, तुम्ही मला रोजचे दोन अपूर्णांक शिकवा, मी तुम्हाला दोन वाक्यं देतो. दोघांचीबी नोकरी टिकंल." तेव्हापासून मी त्यांच्यापुरता कायमचा हिसाबवाले झालो. अपूर्णांक त्यांना शेवटपर्यंत आले नाहीत. माझी नोकरी मात्र टिकली.

नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण मास्तर काय होते ते त्यातूनच कळतं. शाळेच्या एका जुन्या हेडमास्तरांनी कुठल्याशा विलायती शोकांतिकेचा धागा घेऊन ते बेतलं होतं आणि गावाला ते तोंडपाठ होतं. गडाला वेढा पडलाय. किल्लेदार राजाचा जिवलग, जवळजवळ भाऊच. पण त्याचा मुलगा शत्रूच्या हाती सापडतो. किल्लेदार दरवाजा उघडतो, राजा मारला जातो, मुलगा सुखरूप परत येतो. आणि मग तो मुलगा बापाच्या पंक्तीला बसायला नकार देतो. अखेर किल्लेदार बुरुजावरून उडी घेतो. मास्तरांच्या आधी हे काम एक पैलवान करायचा. तो डोळ्यांखाली काजळाचे पट्टे ओढून, मिशीवर ताव देत, गडगडाटी हसत दरवाजा उघडायचा, आणि लोक खूश होऊन त्याला शिव्या घालायचे. मास्तरांनी हसणं काढून टाकलं. पहिल्या वर्षी लोक बावचळले. कुणाला शिव्या घालाव्यात तेच त्यांना कळेना.

मी एकदा त्यांना विचारलं की थोडं तरी हसायला काय हरकत आहे. मास्तरांना काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. आधी स्वतःशी तपासून पाहत. हेडमास्तरांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत विचारलं की दौत कुणी सांडली, तर आम्ही सगळे एका दमात नाही म्हणालो आणि मास्तर मिनिटभर छताकडे बघत विचार करत राहिले. हेडमास्तरांनी अर्थातच त्यांच्यावरच वहीम घेतला. माझ्या प्रश्नालाही त्यांनी तसाच वेळ घेतला आणि म्हणाले, "बदी, म्हंजे वाईट बुद्धी, दात इचकत येत न्हाय, हिसाबवाले. ती घरच्या काळजीच्या आवाजात बोलती. किल्लेदार दरवाजा उघडतो तवा त्याच्या मनात राजा नसतोच. पोरगं असतं. गुन्हा करताना माणूस लई साधा असतो. बिघडतो तो मागनं."

बाजारात एक म्हातारी त्यांना दरवर्षी जत्रेनंतर अडवायची आणि राजाला का मारलंस म्हणून जाब विचारायची. दुसरा कुणी हसून पुढे गेला असता. मास्तर तिच्या भाजीच्या पाटीशी उकिडवे बसून तिला पोराची गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी पुन्हा तेच विचारायची. गाव त्यांना लाडाने फितूर मास्तर म्हणायचं. हाक मारली की मास्तर ओ देत.

राजाचं काम शिवाप्पा करायचे. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. आवाज असा की जत्रेतल्या शेवटच्या रेवडीवाल्यापर्यंत पोचावा, पण वाक्यं ध्यानात राहतील तर शपथ. त्यांच्यासाठीच मला पडद्याआड बसून वाक्यं पुरवायचं काम मिळालं. रंगमंचावर मारणारा आणि मरणारा, हे दोघं एरवी दुकानाच्या पायरीवर एका चिलमीवर गप्पा मारत बसलेले असायचे. आप्पा मास्तरांना म्हणायचे की तुम्ही मला इतक्या मायेने मारता की मलाच तुमची कीव येते. ते थट्टेत म्हणायचे, पण तसंच होतं.

मग दिवस फिरले. तिकडे देश स्वतंत्र झाला आणि आम्ही सोलापूरच्या रस्त्यावर, हद्दीच्या अलीकडे निजामाच्या राज्यातच अडकून राहिलो. त्या साली जत्रेत नाटक झालंच नाही. रझाकारांच्या टोळ्या यायच्या, कवायत करून जायच्या. कुणाचं दुकान फुटलं, कुणाच्या गंजी पेटल्या, अशा बातम्या सकाळी पाण्याबरोबर घरात यायच्या. मी मुळातच भित्रा माणूस. रस्त्यावर मोटार थांबल्याचा आवाज आला की माझा हात फळ्यावरच थबकायचा. मास्तरांची अवस्था आणखी चमत्कारिक होती. खंडोबाच्या जत्रेत नाचणारा म्हणून रझाकार त्यांना आपला मानत नव्हते, आणि नावामुळे बाकीचे त्यांच्यापुढे बोलायचे थांबले होते. त्यांचा मुलगा रशीद तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. तो घरी यायला उशीर झाला की मास्तर चप्पल घालून नाक्यापर्यंत जाऊन उभे राहायचे.

आप्पा चळवळीत होते हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. सोलापूरहून कापडाच्या गठ्ठ्यातून ते काय काय आणायचे ते आम्ही कधी विचारलं नाही. तेरणेच्या काठी, माकणीच्या शिवारात चळवळीतली चार पोरं दडून होती. त्यात दत्तू होता, आमच्या गावातल्या गोदाक्काचा एकुलता एक मुलगा. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याला हिवतापाने धरलं तेव्हा आप्पांच्या सांगण्यावरून मास्तर स्वतः बैलगाडीने जाऊन औषध देऊन आले होते. म्हणजे ती जागा ठाऊक असलेली गावात माणसं दोनच, आप्पा आणि मास्तर.

आषाढात आप्पा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर पकडले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना ठाण्यात बोलावणं आलं. त्यांना दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं. मी शाळा सुटल्यावर ठाण्यासमोरच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, आणि शिपायाने बघितलं की निघून जायचो, पुन्हा यायचो. शेवटी मास्तर बाहेर आले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. सरळ घराकडे चालत गेले. त्याच रात्री माकणीच्या शिवारात धाड पडली. तिघं हाती लागले. दत्तू नदीकडे पळाला, त्याला गोळी लागली.

गावाने मग हिशोब जुळवला, आणि तो मीही त्यांच्यासारखाच जुळवला असता, मास्तरांना ओळखत नसतो तर. आप्पा तुरुंगात सडतायत, पोरगं मेलं आणि मास्तर धडधाकट घरी आले. पण सगळ्यात भयंकर होतं ते लोक देत होते तो पुरावा. म्हणायचे, इतकं खरं काम उगाच होतं का? आत असल्याशिवाय बाहेर येतं का? ज्या कामासाठी त्यांनी मास्तरांना डोक्यावर घेतलं होतं, त्यातूनच त्यांनी मास्तरांचा गुन्हा शाबीत केला. आता फितूर मास्तर म्हणताना कुणी हसत नव्हतं. न्हावी आज जमायचं नाही म्हणून परत पाठवू लागला. बाजारातली ती म्हातारी त्यांना बघून पाटी उचलून दुसरीकडे बसली.

मी त्यांच्या मागे लागलो की चारचौघांत एकदा ठणकावून नाही म्हणा. आम्ही शाळेमागच्या आडाजवळ उभे होतो. मास्तर आडात बघत म्हणाले, "म्या न्हाय म्हणलो तर लोक इचारतील, मग कोण? ते त्यांनी इचारू नये." मला वाटलं, आणखी कुणा गरिबावर आळ येऊ नये म्हणून ते असं म्हणतायत. मला त्यांचा रागच आला. असल्या चांगुलपणाने माणूस जिवानिशी जातो, असं मी तोंडावर बोललो. त्यावर ते म्हणाले की याला चांगुलपणा म्हणू नका, बाकी काहीही म्हणा.

भाद्रपदात हिंदी फौज आमच्याच रस्त्याने आत आली. तोफांचे आवाज थांबले आणि भीतीने घर बदललं. काल ज्यांची दारं बंद होती ती उघडली, आणि मास्तरांच्या गल्लीतली दारं लागली. आसपासच्या गावांतून ऐकू येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी रशीदला आणि त्याच्या आईला माझ्या खोलीवर आणून ठेवलं. मास्तर आले नाहीत. आपण दार लावून बसलो तर लोकांना काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं. लोकांना जे वाटायचं ते केव्हाच वाटून झालं होतं.

आप्पा तुरुंगातून सुटून आले. गावाने त्यांना हारांनी झाकून टाकलं. ते लंगडत होते आणि त्यांचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. चौथ्या दिवशी फौजेचा एक अधिकारी चावडीवर बसला आणि त्याने विचारलं की रझाकारांना साथ देणारे कोण. पाच-सहा नावं आली. त्यात मास्तरांचं होतं. मी त्यांच्यासोबत चावडीपर्यंत गेलो. मी भ्यालो होतो ते मास्तरांच्याही लक्षात आलं असावं, कारण वाटेत त्यांनी माझं कोपर धरलं.

चावडीच्या पायरीवर गोदाक्का बसली होती. आप्पांना खुर्ची दिलेली होती. नाव निघालेल्या माणसांचं काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. अधिकारी त्यांना फक्त गाडीत बसवून नेत होता, पण गाडीपर्यंतच्या वाटेवर गाव उभं होतं, आणि गावाच्या हातात काठ्या होत्या. पाटलांनी मास्तरांना सरळ विचारलं की माकणीची जागा तुम्ही दाखवलीत का.

आणि मास्तर थांबले. त्यांनी मान खाली घातली आणि नेहमीसारखे स्वतःशी तपासू लागले. मला ओरडावंसं वाटलं. गर्दीने ते थांबणं पाहिलं आणि गर्दीला उत्तर मिळालं. मागून कुणीतरी, बघा, गप बसला, असं म्हणालं. तेवढ्यात मास्तरांनी मान वर केली. "माकणी म्या सांगितली न्हाय," ते म्हणाले. "पण ठाण्याचे अमीनसाहेब म्हणले, तुझ्या पोराला उद्या रझाकाराचा डगला चढवून टोळीच्या पुढं घालतो. तवा ते नाव माझ्या ओठापतुर आलं व्हतं. आलं नव्हतं म्हणलो तर खोटं हुईल."

गर्दी पुढे सरकली. तिला एवढं पुरेसं होतं. तेव्हा आप्पा खुर्चीवरून उठले. खुर्चीचा हात धरूनच उभे होते ते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही, अधिकाऱ्याकडे पाहिलं नाही. गोदाक्काकडे पाहून म्हणाले, "आक्का, माकणी म्या सांगितली. मला सोसवलं न्हाय."

गोदाक्का उठली, आप्पांच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाठ दाव." आप्पांनी पाठ फिरवून सदरा वर केला. तिने ती पाठ नीट पाहिली. जवळून पाहिली. मग स्वतःच्या हाताने सदरा खाली ओढला आणि घराकडे निघून गेली. लोकांनी तिला वाट दिली. अधिकाऱ्याला भाषा कळली नव्हती, पण त्याने हातातला कागद उलटा ठेवला आणि मास्तरांना जा म्हणून खूण केली.

त्यानंतर मास्तर देवमाणूस झाले. आमच्या गावाला मधलं काही जमत नाही. न्हावी घरी येऊन हजामत करू लागला, लोक वाटेत पाया पडू लागले. मास्तर इतके हैराण झाले की बाजारात जायचेच बंद झाले. फितूर म्हणत होते तेव्हा एवढं लागलं नव्हतं, असं एकदा मला म्हणाले. आप्पांनी दुकान बंद करून कोंडून घेतलं होतं. मास्तर रोज संध्याकाळी जाऊन त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसायचे. महिन्याभराने आप्पांनी एक फळी काढली, मग दुसरी, आणि हळूहळू दुकान पुन्हा चालू लागलं. गोदाक्का त्या दुकानात कधी आली नाही. पण तिच्या दारावरून जाताना आप्पा थांबायचे आणि तीही दार लावून घ्यायची नाही.

दोन-तीन वर्षांनी जत्रेचं नाटक पुन्हा करायचं ठरलं. आता तर रात्री करायलाही कुणाची मनाई नव्हती. मंडळी मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, या खेपेला राजा तुम्ही. मास्तर नको म्हणाले. मग किल्लेदारच करा. तेही नको. घशाचं निमित्त सांगून त्यांनी मंडळींना वाटेला लावलं. माझ्यापाशी मात्र म्हणाले, "तो दरवाजा मी इतकी वर्षं चूक उघडत व्हतो, हिसाबवाले. काळजीनं उघडत व्हतो. तो तसा उघडत न्हायत." मग कसा उघडतात, असं मी विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही.

ते मिळालं त्यांच्या शेवटच्या दुखण्यात. अंगात पाणी भरलं होतं, पाय सुजले होते. रशीद हैदराबादला नोकरीला लागला होता, त्याला तार गेली होती. आप्पा रोज दोन्ही वेळ येऊन त्यांचं करत. एका सकाळी आप्पा वैद्याकडे गेले असताना मी एकटाच उशाशी होतो. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. म्हटलं, मास्तर, माकणीचं नाव आप्पांनी सांगितलं हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?

"व्हय," ते म्हणाले. "मला ओसरीवर बसवलं व्हतं. आत आप्पांना मारत व्हते. सगळं ऐकू येत व्हतं. मधनं मधनं अमीन बाहेर यायचा, रशीदचं बोलायचा आणि पुन्हा आत जायचा. मग आतनं आप्पांचा आवाज आला. माकणी."

मी म्हटलं की तुम्ही मित्राचं नाव राखलंत, त्याच्यासाठी वाट्टेल ते ऐकून घेतलंत, याहून माणसाने आणखी काय करायचं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. बोलायला त्यांना त्रास होत होता, म्हणून मी पुढे वाकलो.

"मला बरं वाटलं, हिसाबवाले. आप्पा बोलले आणि मला बरं वाटलं. छातीवरचा दगुड उतरला. आता मला सांगावं लागणार न्हाय, माझा रशीद सुटला. दत्तू मागनं आठवला. आधी बरं वाटलं आणि मग दत्तू आठवला. हे पुढं-मागं झालं ना, ते मला आजपतुर बदलता आलं न्हाय."

मी म्हणालो, कुणालाही वाटलं असतं. मला तर नक्कीच वाटलं असतं. हे मी त्यांना धीर द्यायला म्हणालो नव्हतो, ते खरंच होतं.

"कुणालाबी वाटलं असतं," मास्तर म्हणाले. "त्याचंच तर भ्या वाटतं."

एवढ्यात आप्पा आले. पुड्या कोनाड्यात ठेवल्या, हात धुतले आणि रोजच्यासारखे पायथ्याशी बसून मास्तरांचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपू लागले. मास्तरांनी पाय ओढून घेतले. आप्पांना वाटलं, दुखतंय. त्यांनी ते पुन्हा मांडीवर घेतले आणि हात आणखी हलका केला.